साडेपाच ते आठ

सकाळी अकरा वाजता, दादाच्या कंपनीच्या चौथ्या मजल्यावर त्याची शोकसभा, खुर्च्या चाळीस, माणसं पासष्ट, माईक एक आणि तोही मध्येच मान टाकणारा... आणि त्या माईकवर एकामागून एक येऊन सगळे तेच सांगतायत, ‘साहेब माणूस फार चांगला होता.’ तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बातम्या लिहितोय मी, ‘माणूस फार चांगला होता’ ही बातमी नसते हो, ती पळवाट असते. मेल्यावर वाईट ठरलेला माणूस मला अजून भेटायचाय.

पण मला दोनशे शब्द लिहायचे होते. थोरला भाऊ माझा, एकवीस वर्षं तिथला वित्तप्रमुख, आणि कंपनीच्या अंकासाठी एचआरच्या बाई म्हणतात, ‘सर, तुम्ही पत्रकार, तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम.’ दहा मिनिटांचं. त्याला जगायला अठ्ठावन्न वर्षं लागली, बाई.

बरं, लिहू काय? पंखा घेतला तर त्याचं वॉरंटी कार्ड पारदर्शक पाकिटात, पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीची झेरॉक्स वेगळ्या फायलीत, असला माणूस. माझ्या पुतणीला, म्हणजे त्याच्या लेकीला, सायकल शिकवताना मागून सीट धरून पळायचा, ती शिकल्यावरही तीन महिने पळतच होता, शेवटी तीच म्हणाली, ‘बाबा, सोडा आता, मैत्रिणी हसतात.’ अख्ख्या खानदानाचे फॉर्म यानं भरले, माझेसुद्धा, आणि मी कधी साधं ‘बैस’ म्हणालो असेन तर शपथ.

तर सभा संपल्यावर त्याच्या हाताखालचे हिशेबनीस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, ‘साहेब पक्के घरचे. साडेपाच वाजले की फाइल बंद, डबा पिशवीत, चालले. घड्याळ लावून घ्यावं.’ मला वाटलं, वा, हे लिहू, वहिनींना बरं वाटेल. दादाच्या घरी जाऊन सांगितलं. वहिनी कपडे घड्या घालत होत्या, त्यांचा हात थांबला.

‘साडेपाचला? भाऊजी, ते आठला यायचे. एकोणीस वर्षं. आठची बेल वाजली की मी गॅस पेटवायचे.’

आता कंपनीपासून घर चालत वीस मिनिटं. गोगलगायीला अर्धा तास. मग उरलेले दोन तास गेले कुठे?

वहिनींनी पुन्हा घडी घातली, तीच, आधी घातलेली. म्हणाल्या, ‘दुसरं कुणी होतं का?’ दूध उतू गेलं का, असं विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, ‘वहिनी, दादा? अहो, तो दुसरा चष्मासुद्धा घ्यायला तयार नव्हता.’ त्या हसल्या नाहीत. ‘तुम्ही मंत्र्यांच्या भानगडी शोधता ना, मग हेही शोधा. आणि छापायच्या आधी मला सांगा. काय असेल ते.’

घ्या. आता दोनशे शब्द राहिले बाजूला.

दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही, म्हणून गेटावरची वही पाहिली. बाहेर पडल्याची वेळ पाच बत्तीस, पाच एकतीस, पाच बत्तीस... पानंच्या पानं. न्हाव्याकडे गेलो. तो म्हणतो, ‘महिन्यातून एकदा, वीस मिनिटं. डोक्यावर राहिलंय काय त्यांच्या? पण माणूस फार चांगला होता.’ वाचनालयात गेलो, कार्ड सहा वर्षांपूर्वी बंद, माणूस मात्र फार चांगला होता. डॉक्टरांना विचारलं, तर ते माझाच रक्तदाब मोजायला लागले. चार दिवस, तुम्हाला सांगतो, चार दिवस हे गुडघे घेऊन फिरलो, आणि त्या दोन तासांपैकी एक मिनिट कुणाकडे सापडेल तर शपथ.

काल संध्याकाळी दमून आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीवर पोचलो. समोर हातरुमालाएवढी बाग आहे, जिना चढायचं त्राण नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच आत जाऊन बाकावर टेकलो. तर रखवालदार आला.

‘तिथे नका बसू. ती साहेबांची जागा आहे.’

‘कोण साहेब?’

‘डबेवाले. रोज पावणेसहाला येतात. आठ-दहा दिवस दिसले नाहीत, आजारी असतील.’

मी म्हटलं, ‘इथे करतात काय?’

‘काही नाही. वर बघतात.’ त्यानं बोट दाखवलं. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. ‘त्यांचा धाकटा भाऊ आहे तिथे, मोठा पत्रकार. त्यानं सांगून ठेवलंय, वर येऊ नकोस, गडबड असते, खाली बस, मोकळा झालो की खिडकीतून हात करतो, मग दोघं चालत घरी जाऊ. पावणेआठपर्यंत बघतात आणि जातात. मी एकदा म्हटलं, साहेब, वर जा की. तर म्हणाले, नको, मोठ्या कामात असतो तो.’

सांगितलं होतं मी. एकोणीस वर्षांपूर्वी, कचेरी या इमारतीत आली त्या आठवड्यात, फोनवर, दुसऱ्या फोनवर बोलता बोलता. खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे. तिच्यात मी चहाचे रिकामे कप ठेवतो.

वहिनींचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले, एचआरच्या बाईंचे पाच. लिहून झालंय, तुम्हाला सांगतो, दोनशेच शब्द. सगळ्यांचं म्हणणं घेतलंय, हिशेबनीस, न्हावी, रखवालदार, गेटावरची वही. फक्त, एकोणीस वर्षांत एकदाही हात का केला नाही, याबाबत खिडकीतल्या पत्रकाराशी संपर्क साधला असता, त्यांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.