पाणचक्कीवरची पहिली मार्गिता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नाट्यगृहाचे संचालक राइचानसाहेब, नगराध्यक्षा क्लिमकोवाबाई, सत्कारमूर्ती हेडविगाताई ओरावकोवा, सुतारकामापासून तिकीटखिडकीपर्यंतचे माझे सहकारी आणि लेवोचाचे रसिकहो,

हेडविगाताईंनी अठरा वर्षं या रंगमंचाच्या पुढच्या खोबणीत बसून आम्हाला प्रॉम्प्टिंग केलं. आज त्या निवृत्त होताहेत, त्यांच्याविषयी मी, ब्लाझेनाने, बोलावं, असं महिन्यापूर्वी ठरलं. भाषण मी लिहिलंही होतं. त्यात विनोद होते. ते घरी ठेवून आले आहे. मंगळवारी जे पाहिलं, त्यानंतर ते वाचवेना.

आपण सगळे मला 'पाणचक्की' चित्रपटातली मार्गिता म्हणून ओळखता. सत्तर साली मी एकोणीस वर्षांची, नाट्यशाळेत शिकत होते. चित्रपट अर्धा झाला होता. "आधीची बाई आजारी पडली," एवढंच सांगून मला नेलं. तिचाच झगा कमरेत चार टाके घालून मला चढवला. तिला काय झालंय, हे मी विचारलं का? नाही विचारलं. मला वाटलं, नशीब उघडलं!

आज इथे तो चित्रपट दाखवावा, ही राइचानसाहेबांची कल्पना. ब्रातिस्लाव्हाहून चित्रपटाच्या रिळांचे डबे आले. मंगळवारी सकाळी तपासायला म्हणून पहिला डबा लावला. पडद्यावर पूल, पाणचक्की, आणि पुलावरून चालत येणारी मार्गिता... ती मी नव्हेच! झगा तोच, वाक्यंही तीच, बाई दुसरी. मी ताडकन उभी राहिले. आमचे सुतार इम्रिखकाका ओरडले, "अगं ब्लाझेना! चाल बघ तिची! ही तर आपली हेडविगा!"

ताई तिसऱ्या रांगेत संहितांना दोरे बांधत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "आवाज कमी करा रे जरा. तेव्हा मी उगाच ओरडायचे."

मंडळी, त्या आजारी पडल्याच नव्हत्या. त्यांचा भाऊ व्हिएन्नाला पळून गेला होता. 'हा माझा कोणी नाही' असं लिहून द्या, तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारची माणसं म्हणाली. ताईंनी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चित्रीकरणाला न्यायला गाडी आली नाही. आधीच्या पाच चित्रपटांचे डबे कुलपात गेले, पडद्यावरचं नावही गेलं. मग चार वर्षं तात्राच्या डोंगरातल्या एका आरोग्यधामात चादरी धुतल्या. आणि मग इथे, माझ्या पायांशी. मी अडखळले की शब्द द्यायला!

हेही सांगायलाच हवं. एकदा तालमीत मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं होतं, "तुम्हाला काय कळणार? तुम्ही कधी दिव्यांच्या उजेडात उभ्या राहिलात का?" खोबणीतून पुढचं वाक्य आलं, माझंच.

मंगळवारी मी विचारलं, "ताई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला कोणी विचारलं होतं का? मला तरी कुठे विचारलं? पहिली चार वर्षं तुझा फार राग यायचा, खोटं कशाला बोलू. मग इथे आले. रोज राग धरायचा आणि रोज तुला शब्दही द्यायचे, जमेना. दोन्हीतलं एक सोडायला हवं होतं. शब्द सोडले असते तर नोकरी गेली असती."

हसा, हसा, त्याही हसल्या होत्या. मग मी ते तालमीतलं वाक्य काढलं. हसू थांबलं. म्हणाल्या, "ते मात्र लागलं होतं, ब्लाझेना."

ताईंच्या चित्रीकरणातला हा एकच डबा उरलाय, तोही चुकून माझ्या चित्रपटाच्या डब्यांत आलेला. अकरा मिनिटांचा. आज तेवढाच दाखवायचा, माझा चित्रपट नाही, अशी विनंती मी केली आणि राइचानसाहेबांनी ती मान्य केली, त्यांची मी ऋणी आहे. मंगळवारी ताई अर्ध्यातून उठून गेल्या होत्या. आज पूर्ण बघणार आहेत. मी शेजारी बसायचं आणि रडायचं नाही, ही त्यांची अट.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. ताई, तुम्ही मात्र माफ करायची घाई करू नका.