भिंगरीचा ताप

— नाही हो आजी, मी डॉक्टर नाही, हे गळ्यातलं कार्ड बघून विचारलंत ना? ते प्रयोगशाळेचं — फोन आला तशीच पळत आले, काढायचं राहिलं. बसा तुम्ही, नातवाचं प्लास्टर होईपर्यंत आत सोडायचे नाहीत. माझी भाची आहे त्या कोपऱ्यातल्या खोलीत, धाकट्या बहिणीची मुलगी. चार वर्षांची. भिंगरी म्हणतो तिला — चालायला लागली तेव्हा स्वतःभोवती गरागरा फिरायची, धपकन पडायची आणि खिदळायची, म्हणून. आता पाय ताठ झालेत तिचे. तरी भिंगरीच म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

ताप यायचा हो. नुसता ताप. रक्त तपासा, छातीचा फोटो काढा, पाठीतलं पाणी काढा — जंतूचा मागमूस नाही. बहीण म्हणायची, ‘ताई, घरात चोर नाही, मग कुत्रं भुंकतंय कुणावर?’ आणि खरंच तसंच निघालं. कसं सांगू तुम्हाला — पेशीमध्ये जनुकाची एक नक्कल निघते, आरएनए म्हणतात तिला. ती कच्ची असते, मधेमधे नको ते तुकडे असतात. ते कापून टाकायचे, कामाचं तेवढं जोडायचं. कुठे कापायचं हे सांभाळायला काही प्रथिनं त्या नकलेला चिकटून बसतात. आमच्या भिंगरीचं त्यातलं एक जन्मापासून अधू. मग कापायचं ते राहून जातं, राहिलेला तुकडा स्वतःवरच दुमडतो, आणि असा दुमडलेला आरएनए दिसला की शरीराच्या पहारेकऱ्यांना वाटतं व्हायरस शिरला — की लागले पेटायला! कुणी शिरलेलंच नसतं. तिचंच असतं ते. स्वतःच्याच घराला आग — मेंदूपर्यंत पोचली, पाय त्यानेच ताठ झाले.

कळतंय ना? तुम्हाला कळलं म्हणजे मी बरं सांगते. सांगता छान येतं मला — त्यावरच तर पोट भरतं. हो, त्याच प्रथिनावर! लग्नाआधीपासून प्रयोगशाळेत मी त्याच एका प्रथिनावर संशोधन करतेय. तपासणीचा निकाल आला आणि घरात काय आनंदीआनंद! आई म्हणाली, ‘मग झालंच की, आपल्या घरचंच काम!’ मेहुण्यांनी पेढे आणले हो, मुलीचा आजार कळला म्हणून पेढे! आणि मी — निकालात त्या प्रथिनाचं नाव वाचलं तेव्हा मला आधी आनंद झाला. भीती नाही, आनंद. माणसात असा बिघाड आम्ही कधी पाहिलाच नव्हता. पापणी लवायच्या आत गेला म्हणा, पण झाला. हे मी... हे कुणाला बोलले नव्हते. जाऊ दे.

त्यांना वाटलं मला माहीत आहे म्हणजे मला करता येतं. काचेच्या बशीतल्या पेशीत ते प्रथिन काढता येतं, घालता येतं — पोरीच्या मेंदूत कसं घालू? पहारेकऱ्यांना गुंगी आणणारं औषध आहे, ते सुरू केलं. ताप उतरला, जेवायला लागली, माझ्या मांडीवर बसून माझ्या चष्म्याशी खेळली. पण गुंगीतल्या पहारेकऱ्याला खरा चोर तरी कसा दिसणार? बहिणीला सर्दी झाली — साधी सर्दी हो, तुम्हाआम्हाला होते तशी — ती पोरीच्या छातीत उतरली. आता नळी लावलीय नाकाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध थांबवलं तर पुन्हा आग लागेल, मेंदूपर्यंत जाईल. नाही थांबवलं तर हा जंतू आवरणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि बहीण डॉक्टरांकडे बघतच नाही, माझ्याकडे बघते. ‘तू म्हणशील तसं, ताई.’ मी म्हटलं, पाणी घेऊन येते — आणि इथे येऊन बसले. मघापासून बसलेय. त्या दाराकडे पाठ करून, हो. तुमच्याही लक्षात आलं वाटतं.

कोण? अगं, तू कशाला बाहेर आलीस? भिंगरीजवळ कोण आहे? — काय? डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलंस? मला न विचारता? ... थांबवा म्हणून सांगितलंस. औषध थांबवा म्हणून. — नाही गं, रागावत नाहीये. बरोबर की चूक... मला नाही माहीत. खरंच नाही माहीत गं, बाळा. कुणालाच नाही. इकडे ये. बस इथे.

आजी, तुम्ही जरा त्या तिकडच्या खुर्चीवर बसता का? तिला टेकू दे इथे. नाही, काही नको आम्हाला. या तुम्ही.