पांढरीवरच्या पाच इटा

हॅलो? हॅलो… हो जी, दिग्रसहून बोलून राह्यलो, पोस्टातून. मी उकंडा. पांढरीच्या टेकाडावर जुनं गाव खोदून राह्यले ना, तिथला चौकीदार… नाही जी, दुकानाचं काम नाही. तुमच्या माडीवर माही लेक राह्यते, नलू. तिले जरासा आवाज देता काय?… हो, थांबतो. थांबाले काय लागते.

हॅलो? नलू? अवं मी बाबा… जय भीम, जय भीम. नाही, काही नाही झालं. चांगला हाओ मी… अवं, फोन केला म्हनजे मानूस मेलाच पाह्यजे काय? ऐक तं…

परवा रविवारी काहून नाही आली?… कोनतं पत्र?… नाही भेटलं मले. टेकाडावर कुठं चढते डाकवाला, गावातच ठेवून देते कोनापाशी… नाही ना माय! मी गावातल्या किसनरावची बैलगाडी मागून आनलती. सकाळपासून दिग्रसच्या स्टँडवर. नागपूरची, यवतमाळची हरएक गाडी पाह्यली, उतरनारी हरएक बाई पाह्यली. आखरीच्या गाडीचा कंडक्टर म्हने, बुवा, आता मी एकटाच उतरनार हाओ, चालन काय तुले?… हास तू, हास.

नाही, रागावलो नाही. पन तीन वर्सं झाले तुह्या येते-येतेले. तुही माय गेली तवाची आलती तू. तुह्या पोट्ट्यानं तं काहीच नाही पाह्यलं. मी सगळं ठरवून ठेवलतं… पह्यले खोदलेलं घर, मंग ते हेमाडपंती देऊळ… हो, हात नाही जोडत आपन, म्हाईत हाये मले! दगडातला हत्ती पाह्याले काय होते? आन मंग बारवेच्या पायऱ्यायवर बसून भाकर खाची. बेसन करनार होतो मी. माह्या हातचं.

हो, हो, अवं ऐक ना… त्या घराच्या आनखी दोन खोल्या निघाल्या. न्हानी निघाली, पक्क्या इटायची, पानी जाले नाली. दोन हजार वर्सांची, खोदकामाचे साहेब म्हने. अन् एक फुटका रांजन निघाला, तो रोमचा म्हने… रोम, रोम. समुद्राच्या तिकडे हाये कुठंसं. बोटीनं आला इथलोक. मी म्हनलं, साहेब, रोमहून रांजन येते, नागपूरहून माही लेक नाही येत.

बरं, राह्यलं… नाही, टोचून नाही बोलून राह्यलो.

लोकं येतात ना. काल बोरीहून दोन गाड्या भरून बाया आल्या. घर कोनी पाहत नाही वं. खाली पडलेल्या इटा घेतात अन् इटेवर इट ठेवून लहानशी घरं मांडतात. तसं केलं का आपलं घर होते म्हनतात. साहेब सांगून गेले, एक इट हालली तं नोकरी गेली. मंग सांजच्याले मी एकटाच सगळ्यायची घरं मोडत बसतो, जिथली इट तिथी… हो, पाप कायचं त्याच्यात, नोकरीच हाये…

काय म्हन्ते?… जोरानं बोल… भिलाई? कोन, जवाई? भीमराज? कारखान्यात?… पक्की लागली? वा, वा… कधी जाता?… या रविवारी?

नाही, हाओ ना. ऐकून राह्यलो… आवाजाले काय होते, हे मशीनच तसं हाये. सामान बांधून राह्यले म्हनून नाही आले… बरोबर हाये, कसे येसान… क्वार्टर? सरकारी?… किती खोल्या?

दोन?… दोनच ना?… नाही, काही नाही. हासू आलं.

हॅलो, कोन?… हो ताई, तीन मिनिटं झाले, कळलं. आनखी वाढवा… वाढवा ना जी, लेक हाये माही.

नलू? ऐक, हे भीमराजले नको सांगजो. मांघच्या उन्हाळ्यात तू लिव्हलतं ना, एका खोलीत पाच मानसं, पोट्ट्याले पाय लांबोता येत नाही… त्या दिवशी मी बी एक घर मांडलं. न्हानीच्या मांघं, कोनाले दिसू नाही असं. तीन इटा उभ्या, दोन आडव्या. दोन खोल्यायचं… नवस नाही वं! नवस कवाच सोडले आपन, दीक्षेच्या दिवशी हात वर करून सांगतलं ना मी. नुसत्या इटा ठेवल्या… हो, मीच. चौकीदारानंच. दुसऱ्यायची रोज मोडली, ते एक नाही मोडलं.

आता तू म्हन्ते दोन खोल्या. भिलाईले. मले काय म्हाईत इतल्या दूर होईन!

रडते कायले, येडे? चांगलं झालं ना… मी कुठं रडून राह्यलो…

नाही, मी तिकडे येऊन काय करू… बरं, खरं सांगू? मले करमत नाही नलू. दिवसभर लोकायले सांगतो, हे सैपाकघर, हे न्हानी, इथी निजत असन कोनी. ते आपल्या घरी जातात. मंग तितल्या खोल्यायत मी एकटा.

एक सांगतो, ऐक. त्या बाया म्हन्तात, घर झालं का ज्याचं त्यानंच यावं अन् आपल्या हातानं त्या इटा उतरवाव्या. दुसऱ्यानं नाही उतरवाच्या… हो, मी बी नाही मानत. तू बी नको मानू. पन ये. दोन दिवसांसाठी ये, पोट्ट्याले घेऊन. त्याच्या हातानं उतरव. येशीन?…

हॅलो? नलू?… हॅलो?

पोस्टमास्तर, कटला वाट्टे जी… नाही, काही नाही बोलली. मी पुसलं अन् कटला… पुन्हा लावून देता म्हन्ता?

नको जी. आता लावला अन् नाही म्हनली तं?… असू द्या असंच. साहेब आले तं पाहून घेईन, पन त्या पाच इटायले मी काही हात लावत नाही… घ्या, ठेवतो.