चाकूवर नाव कोणाचं

हॅलो? … हॅलो, कोण? … अरे धनराज! आवाज काऊन असा येऊन राह्यला तुहा? विहिरीत पडला का? … दुकानात? कोणत्या? … अयूबभाऊच्या. भांड्याच्या. बरं. मंग काय घेऊन राह्यला, कुकर?

… चाकू?

… कोणासाठी? … नाई, ऐकू आलं. ऐकू आलं मले. दिव्यासाठी. तुह्या पोरीसाठी. … नाई गा, हासून नाई राह्यली. जवस भाजून राह्यली तिच्या संग द्याले, तो तडतडते. थांब, गॅस बारीक करते. … हां, बोल.

… नाई, घरी नाई ती. टेलरकडे गेली. युनिफॉर्मची पँट कमरेत ढिल्ली होत होती. येईन आता. … हो, उद्या सकाळच्या गाडीनं. इथून गडचिरोली, तिथून धानोरा. उद्याच हजर व्हाचं हाये. … म्हणजे तुले माहीतच हाये सगळं. मंग मले काऊन विचारते?

… हात? तिचा हात केवढा हाये? अरे, माह्याहून मोठा हाये आता. तू दहावीतल्या पोट्टीचा हात धरून बसला का डोक्यात? … दिवाळीपासून पाह्यलं नाई ना तू तिले, म्हणून. … बरं बरं, नाई बोलत त्याच्यावर. चाकूचं सांग. काय काय दाखवून राह्यले ते?

… कात्री, पेचकस, बाटली उघडाचं, दात कोराचं … बाप्पा! चाकू घेऊन राह्यला का पेटी? … नको. रोज ते ओझं घेऊन कोण फिरन? बीट गार्ड हाये ती, दिवसभर पायी चालन. एकच पातं असू दे, पण चांगलं.

… खटक्याचा? बटन दाबलं का पातं बाहेर येते तो? नको नको. नाक्यावर कोणी पाह्यला तं आधी तिलेच विचारतीन. … असन ना ती फॉरेस्टची, तरी नको. कायले झंझट?

… हां, हा कसा उघडते? … नखानं? अन् तिले नखं कुठी हायेत? खाते ना ती. … अजून. … हो, नोकरीले लागली तरी खाते. परीक्षेच्या वेळेस तं बोटं लाल झाले होते. … तुले कसं माहीत असन, तू बोलत होता का तिच्यासंग?

… आंगठ्यानं सरकवून उघडन असा पाह्य. एका हातानं. … हो, आत्ताच पाह्य, तिथीच. एका हातात फोन धर, दुसऱ्यानं उघड. … उघडला? … उघडल्यावर लॉक होते ना? नाई तं दोरी कापता कापता फटकन मिटन अन् बोट जाईन. … होते. बरं. आता बंद करून पाह्य. … काय झालं? … लागलं का? … मंग ओरडला काऊन?

… मूठ? लाकडाची दिसाले चांगली राहते. … अन् दुसरी कोणती? … गुलाबी!

… आता हासली. आता खरंच हासली. पोरगी म्हणून गुलाबी का? … नाई, थांब. थांब ना गा, वापस नको ठेवू तो. विचार करू दे. … अरे, मागच्या साली मोहफुलाच्या दिवसात गावी गेली होती, तव्हा माहा इळा पडला रानात. लाकडाची मूठ. पानगळीत दिसलाच नाई, पानं अन् मूठ एकाच रंगाचे. लय शोधला. गुलाबी असता तं सापडला असता ना. … नाई, गुलाबी तिले आवडत नाई. लाल हाये का? लालभडक? … विचार अयूबभाऊले. नाई तं दे त्यांले फोन, मीच विचारते.

… हॅलो, अयूबभाऊ? सलाम जी. मी कलाबाई, धनराजची मोठी बहीण. सावली गावावरून. … हो हो, तुमच्या दुकानातलीच परात वापरते अजून. … जी, नाई, भाजीचा नाई. रोज खिशात ठेवाचा. … जंगलात. … नाई हो, त्याची बायको कायले जाईन जंगलात, पोरगी. … तीच, चष्मेवाली. फॉरेस्टमध्ये लागली ती. … त्यानं सांगतलं नाई का तुमाले? … नाई सांगतलं. बरं. … हो, अभ्यास करूनच लागली. तुमच्या तोंडात साखर पडो. … लाल हाये? मागं दोरी ओवाले भोक? … मंग तोच द्या. द्या आता त्याले फोन.

… काऊन रे, पोरगी नोकरीले लागली हे लोकायले सांगतही नाई तू? … विषय नाई निघाला! पेढे वाटले असते तं निघाला असता विषय.

… मले माहीत हाये. सगळं माहीत हाये. तू गावातून निघाला, बिजलीच्या प्लांटात लागला, क्वार्टर भेटला, पोट्टे ऊर्जानगरात शिकले. अन् पोट्टी परत त्याच जंगलात चालली. ते लागलं तुले. लागणारच, मी नाई म्हणत नाई. पण 'जाते तं जा, मंग माह्या दारात येऊ नको' हे कोण म्हणलं होतं? … हां. तेच तं.

… तुह्या पोट्ट्याचं, अंकुशचं सांगू नको मले. अंकुशले नोकरी लागली त्याच दिवशी तू चाकू देल्ला त्याले. तुले बाबानं देल्ला होता. तुमचं तसंच चालते, पोट्टा कमवाले लागला का बापानं चाकू द्याचा. दिव्यानं त्या दिवशी विचारलं होतं तुले, मी लागली तं? तू काय म्हणलं, पोरीले चाकू कायले? … मी होती ना तिथी. पोया लाटून राह्यली होती.

… अन् मले? मले कोणं देल्ला? ज्याचा इळा हातात आला त्याचा घेतला, काम केलं, वापस ठेवला. … नाई गा, मागून नाई राह्यली. आता या वयात काय करू चाकू घेऊन? वाईट वाटलं होतं तेवढं सांगून राह्यली. तुले कोणी सांगतलं नसन म्हणून.

… हां, बोल ना, हाये मी. … काय म्हणते अयूबभाऊ? … नाव टाकून देतात? पात्यावर? थाळीवर टाकते तसं? … टाक मंग. 'दिव्या' टाक. … अन् खाली? … काय? पुन्हा सांग.

… 'कलाआत्याकडून सप्रेम भेट.'

… नाई. … नाई म्हणलं ना. … अरे, माह्या नावानं कायले? मी घेतला का तो? … अच्छा. तू एस्टीच्या ड्रायव्हरजवळ देशीन, गाडी इथी थांबन, मी उतरवून घेईन, अन् तिच्या बॅगीत टाकून देईन. अन् तुहं नावच नाई कुठी. असं? … तिनं विचारलं, आत्या, तू चंद्रपूरले कव्हा गेली होती, तं काय सांगू?

… मले खरं सांग. भेते का तू? … वापस करन म्हणून?

… हं.

… आता काय सांगू गा तुले. … नाई, तुह्याबद्दल वाईट नाई बोलत ती. … चांगलंही नाई बोलत. बोलतच नाई. तुहं नाव निघालं का उठून दुसऱ्या खोलीत जाते. … तं काय खोटं सांगू? वापस करन का नाई, मले माहीत नाई. करूही शकते. तुहीच पोरगी हाये.

… दुकानात रडू नको. … बरं. सर्दी हाये. बरं.

… ऐक. ऐक ना. खाली 'बाबा' टाक. … नुसतं 'बाबा'. सप्रेम नको अन् भेट नको, थाळी नाई ती. … पुसत नाई तेच तं पाह्यजे ना. … कोण हासन? अयूबभाऊ? त्यांले कायले हासू येईन, त्यांच्याही पोरी हायेत. … सांग त्यांले. आत्ता. मी हाये फोनवर.

… सांगतलं? … हो, आवाज येऊन राह्यला मशीनचा. दाताच्या डॉक्टरकडे येते तसा. … झालं? … कसं दिसते? … वाकडं? कोणतं अक्षर? … जाऊ दे, वाचता येते ना? मंग झालं.

… आता तो ड्रायव्हरजवळ नको देऊ. तूच ये. … अरे, ड्यूटी रोजच राहते तुही. मूलवरून गाड्याच गाड्या हायेत, रात्री जेवाले येशीन इथी. … काय बोलू म्हणजे? चाकू दे, जेव, झोप. बोलाचं तिले असन तं ती बोलन. … नाई, मी आधी सांगून नाई ठेवणार. माह्या तोंडून कायले? … तसंही नाई. अंकुशलेही मधात घालू नको.

… थांब, फाटक वाजलं. … आली वाटते. … ये वो. झाली का पँट? … हां, आता बरोबर बसन. … धनराज, ती आली. देऊ का फोन? … काऊन नको? … आता नको तं कव्हा? उद्या ती गाडीत बसन अन् तू तो चाकू घेऊन … हॅलो? … हॅलो, धनराज?

ठेवला यानं.

… कोणी नाई वो. तुहा बाबा होता. … मले काय विचारते काय म्हणे म्हणून. मी काय तुमच्या दोघायची तारवाली हाये? … नाई, तब्येत बरी हाये. सर्दी हाये म्हणे.

दिव्या. … अवो दिव्या, तुहा फोन वाजून राह्यला. बॅगीत. … पाह्य तं कोणाचा हाये.

… मंग?

… अशी काऊन उभी? उचल ना.