शाळेच्या गाडीतलं आठ लिटर तेल

नाव सेमिसी व्हाइओलेती, वय ५४ वर्षे, धंदा प्रवासी व्हॅन चालवणे, राहणार हाआफाले, व्हावाउ बेट. नेइआफू पोलीस ठाणे, रविवार, दुपारचे चार.

मला कुणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी येऊन सांगतो की, उद्या सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या गावच्या शाळेची व्हॅन चौदा मुले घेऊन बोटींच्या धक्क्याच्या उतारावरून जाईल. तिच्या इंजिनात चुकीचे तेल आहे, आणि तेही जास्त. ती सुरू होऊ नये एवढ्यासाठी हा जबाब आहे.

ते तेल मी ओळखतो, कारण तेच माझ्या व्हॅनमध्ये होते. दोन्ही व्हॅन एकाच बनावटीच्या, जुन्या, डिझेलच्या. इंजिन पुढच्या सीटखाली. असल्या गाड्या मी एकतीस वर्षे चालवतो. त्यांना जाड तेल लागते, सहा लिटर. गेल्या आठवड्यात माझ्या आत्याला न्यूझीलंडहून आलेल्या खोक्यात तेलाचे चार डबे निघाले, चार-चार लिटरचे. तेल पातळ होते, नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांचे. डब्यावर तसे लिहिले होते आणि मी ते वाचले होते.

आत्या म्हणाल्या, "महागातलं आहे. दोन डबे तुला, दोन शाळेला, तुझ्या बापाच्या नावानं."

मी म्हणालो, "आत्या, गाडीत सहाच लिटर मावतं."

"मग अर्धा डबा उरवून ठेवणार? दिलेलं उरवायची रीत आपल्यात कधीपासून आली रे?"

वडिलांच्या बहिणीला आमच्यात नाही म्हणत नाहीत. तेल चुकीचे आहे हे तर मी बोललोच नाही. आठही लिटर ओतले. तेल मापायची पट्टी वरच्या खुणेच्याही बोटभर वर भिजली होती. मी ती पुसली आणि परत जागेवर घातली.

काल शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी आत्याला घेऊन चर्चच्या जेवणाला निघालो होतो. मोठा चढ संपता संपता इंजिनाचा आवाज वाढला. पेडलवरचा पाय मी केव्हाच काढला होता. मागे पांढरा धूर झाला, रस्ता दिसेना. मी गियर काढला, हातब्रेक ओढला, चावी फिरवून काढून घेतली. चावी माझ्या हातात आणि इंजिन किंचाळत आणखी वर चाललेले. डिझेल सोडून ते आता तेच जास्तीचे तेल पीत होते. असे होते हे मी ऐकून होतो, पाहिले नव्हते.

हवा तोडल्याशिवाय ते थांबणार नव्हते, आणि हवेचा पाइप आत्याच्या सीटखाली. आत्याच्या मांडीवर जेवणाचे पातेले होते. मी ओरडलो, "उठा!"

त्या म्हणाल्या, "कुणाला सांगतोस?"

मी त्यांना दंडाला धरून ओढले. त्या खडीवर पडल्या, पातेले सांडले. मी सीट उचलली, पाइप उपटला आणि पातेल्याचे झाकण त्याच्या तोंडावर दाबले. ते चिकटून बसले. इंजिन दोन-तीन हिसके देऊन बंद पडले. आत काहीतरी तुटले आहे. माझा उजवा तळहात भाजला आहे, तो दाखवला.

आत्याचा गुडघा फुटला. त्या एवढेच म्हणाल्या, "तुझा बाप असता तर तुला घराबाहेर काढला असता." तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. महागातले तेल वाईट असते हे त्यांना पटत नाही.

शाळेचा चालक पेनिसिमानी याला मी काल संध्याकाळी गाठले. त्याने शुक्रवारीच दोन्ही डबे ओतलेत. उरवू नये असा आत्याचा निरोप होता. आज चर्च सुटल्यावर मी पुन्हा म्हणालो, "काढून टाक ते तेल."

तो म्हणाला, "रविवारी कामाला कायद्यानं बंदी. पाना हातात घेतला तर तूच पोलीस घेऊन येशील. आणि आत्यानं विचारलं तर कोण सांगणार? तू?"

मुख्याध्यापकांकडे गेलो. चढावर असे झाले तर, उतारावर तसे झाले तर, असे सांगू लागलो. ते हसले. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! गाडी चालतेय ना? सगळ्या चर्चनं प्रार्थना करून घेतलेलं तेल मी ओतून देऊ? कुठल्या तोंडानं?"

माझी मुलगी लेसिएली, वय दहा, त्याच व्हॅनने जाते. तिला खिडकी लागते म्हणून ती पुढे बसते, इंजिनावर. ताप आला म्हणून तिला उद्या घरी ठेवता येईल. दुपारी जेवायला बसताना मी तसे ठरवलेही होते. मग बाकीची तेरा डोळ्यांसमोर आली. ताट तसेच ठेवून उठलो. तो उतार थेट धक्क्यावर जातो आणि धक्क्याला कठडा नाही.

हा जबाब लिहून घेणारे शिपाई सोआने यांनी सांगितले की, शाळेची गाडी अडवायची तर तेल कुणी दिले ते नावानिशी पाहिजे, आणि उद्या पहाटे हा जबाब मुख्याध्यापकांना वाचून दाखवावा लागेल. मी म्हणालो, "नुसतं आत्या लिहा."

ते म्हणाले, "तुला आत्या चार. चौघींनाही बदनाम करतोस का?"

मी नाव सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. त्या त्यांच्याही आत्या लागतात. त्यांच्या वडिलांची चुलत बहीण. "तूच लिही बाबा," ते म्हणाले, "माझ्याच्यानं नाही व्हायचं." म्हणून पुढच्या तीन वाक्यांचे अक्षर माझे आहे.

तेल माझ्या आत्या कालोलाइने व्हाइओलेती यांनी निवडले. ते चुकीचे आहे हे कळूनही माझ्या गाडीत ओतले मी. शाळेच्या गाडीत पडू दिले तेही मीच.

वरील मजकूर शिपाई सोआने यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. नावापाशी येऊन ते थांबले. तिथून पुढे मी वाचले, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

सही : सेमिसी व्हाइओलेती (डाव्या हाताने)