पंचविसाव्या वर्षी झालेलं बारसं

सभेचे अध्यक्ष आदरणीय शिवशरण अप्पा, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते कॅप्टन उद्धवराव, हळ्ळीखेडहून ऊन अंगावर घेत आलेले पाहुणे आणि माझ्या दुबलगुंडीकरांनो, सगळ्यांना नमस्कार.

माझ्याकडे आभाराचं काम आहे. आभार मानणाऱ्यानं पाच मिनिटांत आटपावं, चहा निवतो, असं मी मुख्याध्यापक म्हणून इतरांना नेहमी बजावतो. पण आज सगळे माझ्याकडे टक लावून का बसलेत, ते मला ठाऊक आहे. पार्वतीबाई काय म्हणाली, एवढंच तुम्हाला ऐकायचंय.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. कॅप्टनसाहेब उद्या सकाळी कन्या भाग्यलक्ष्मीताईंकडे म्हैसूरला निघालेत, कायमचे. एका डोळ्यानं दिसत नाही, यंदा दोनदा न्हाणीत पडले. सामान बांधून झालंय. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आत्याचा होकार असेल तरच गाडीत बसेन." ही आत्या म्हणजे माझी आई, पार्वतीबाई. महिनाभर ती नाहीच म्हणत होती. आज सभेलाही आलेली नाही.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जमीनदाराला पंचाहत्तर वर्षांची आत्या, तीही आमच्या बौद्ध वस्तीतली, असं कसं?

एकाहत्तरच्या लढाईत साहेब बेपत्ता झाल्याची तार आली. त्यांच्या मातोश्रींनी दहा महिने वाट पाहिली. मग भावकीनं समजूत घातली आणि तेरावं झालं. साऱ्या गावानं बुंदी खाल्ली. खाणाऱ्यांपैकी काही जण इथं बसलेत, त्यांनी मान खाली घालू नये, बुंदी चांगलीच झाली होती म्हणतात!

त्यानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, आई तुरीत काम करत होती. धुकं इतकं, की हाताला लागलेली शेंगच तेवढी खरी वाटावी. मी बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत. पुरुषभर उंच तुरीतून वाट काढत लष्करी कोटातला एक माणूस आला, अगदी हाडकुळा. बाकीच्या बायका किंचाळत पळाल्या. आई तिथंच उभी राहिली. तो म्हणाला, "तहान लागलीय." आईनं आपल्या मडक्यातलं पाणी दिलं. तो प्यायला, आणि मी रडत होतो म्हणून त्यानं झोळीला झोका दिला. आई आजही सांगते, "मी जागी होते का झोपेत, मला अजून कळालेलं न्हाई." आणि भीती कशी वाटली नाही विचारलं, की म्हणते, "कामून भ्यायचं? मेलेल्याला तहान लागती व्हय?"

कैदेतून सुटून आलेला मुलगा दारात उभा, पण त्याचं तेरावं झालेलं. भटजी म्हणाले, पुन्हा जन्म घ्यावा लागेल, बारसं करावं लागेल. पंचवीस वर्षांचा बाप्या पाय दुमडून पाळण्यात बसला. कडी करकरत होती. नाव ठेवायला आत्या हवी, सख्खी आत्या वारलेली. साहेब म्हणाले, "मला जिवंत समजून जिनं पाणी दिलं, ती माझी आत्या."

आई उंबऱ्याच्या आत प्रथमच गेली. तिनं कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, "उद्धव." राव तेवढं गाळलं.

आता रीत अशी, की नाव ठेवताना आत्याच्या पाठीवर बायकांनी बुक्क्या मारायच्या. ज्या बायका तिला वरून पाणी ओतायच्या, त्यांचे हात जागेवरच थांबले. पाळणा मात्र हलत होता. मग मातोश्री पुढं आल्या आणि त्यांनी पहिली बुक्की मारली. मग दुसरी पडली, तिसरी पडली. आई म्हणते, "पाठ दुखली न्हाई, पण रडू लई आलं."

पुढं साहेबांनी साठ एकर कसणाऱ्यांच्या नावे केली, गुलबर्ग्याच्या आपल्या डाळ मिलच्या जागी मुलींचं वसतिगृह बांधलं. माझी बहीण रूपाली तिथंच राहून डॉक्टर झाली. भावकीनं वेड्यात काढलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "ज्याची इस्टेट होती त्याचं तेरावं झालं. मी आत्ताच पाळण्यातून उतरलोय, माझं इथं काय असणार?" इतक्या हलक्या हातानं देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि या माणसानं आमच्यातून जावं असं मलाही वाटत नाही. हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

असो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मांडव घालणाऱ्या मल्लेशचे, सकाळपासून चुलीपुढं असलेल्या बसम्मा आणि त्यांच्या सोबतिणींचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर आपला समजून पोटात घाला. क्षमा आधीच मागून ठेवतो, कारण आईचा निरोप सांगितल्यावर मला बोलता येणार नाही.

साहेब, आज सकाळी आई म्हणाली, "जाऊ दे त्याला. डोळ्यानं दिसत न्हाई, लेकीजवळ ऱ्हाऊ दे. पण त्याला सांग, मागं लोकांनी बातमी खरी मानली, जेवणं घातली. आता तिकडून कसली बी बातमी येऊ दे उद्धवाची, मी मानणार न्हाई."