‘तपासणी’ या शब्दाबाबत

विषय : आमची अक्का डोंगरावर पळाली, त्याबाबत. संदर्भ : मीच केलेला मसुदा. आणि तुम्हाला सांगतो, मसुद्यात एक चूक काढून दाखवा! उभा जन्म आरोग्य खात्यात कारकुनी केली, निवृत्त होऊन आमच्या डोंगरावरच्या वस्तीत परतलो, आणि कॅन्सर तपासायची गाडी आली तेव्हा आमच्या लोकांतला शिकलेला माणूस म्हणून डॉक्टरीणबाईंनी कर्णा माझ्याच हातात दिला. वर नाजूक आवाजात म्हणतात, ‘कॅन्सर म्हणू नका हं भाऊसाहेब, बिचाऱ्या घाबरतील.’ म्हणून कॅन्सर गाळला! म्हणालो काय, तर ‘कळविण्यात येते की, उद्या सर्व महिलांची तपासणी होणार आहे, कोणीही गैरहजर राहू नये!’ कर्ता आहे, विशेषण आहे, क्रियापद शेवटी आहे... आणखी काय हवं?

सकाळी गाडी दारात. पांढरीशुभ्र, आत यंत्र, पडदा, खुर्ची, सगळं. बायका? एक नाही! चुली गार, दारांना कड्या. आणि चढावर सगळ्यांच्या पुढे कोण धावत होतं म्हणता? आमची अक्का! माझी सख्खी थोरली बहीण! गुडघे दुखतात म्हणून विहिरीवर जात नाही ती, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन हरणासारखी!

आता आतली गोष्ट, जरा हळू सांगतो... अक्काच्या छातीत गाठ होती. तिनं ती फक्त आमच्या हिला सांगितली, हिनं मला. ती गाडी मी जुन्या साहेबांपुढे नाक घासून आणवली होती ती कुणासाठी? आणि तीच पळाली!

दुपारी झाडाखाली सापडली. म्हटलं, ‘अक्का, पळालीस का गं?’

‘तूच ओरडलास ना, तपासणी आहे म्हणून?’

‘मग?’

‘मग काय मग! जंगल खात्याची तपासणी आली की बाबा काय करायचे? मोळी उचलायची नि पळत सुटायचं. शिकलास आणि विसरलास होय रे?’

घ्या! आमच्याकडे तपासणी म्हणजे घर उलटंपालटं करून सरपण उचलून नेणं. बाबांची कुऱ्हाडसुद्धा तपासणीतच गेली. कॅन्सरला कोण घाबरतंय इथे! पण तरी सांगतो, मसुद्यात चूक काढून दाखवा!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘उद्या एकच फेरी. मग गाडी पलीकडच्या खोऱ्यात जाईल.’ झालं! बसलो अक्काच्या उंबऱ्यावर शब्द शोधत. म्हटलं, ‘अक्का, पाहणी म्हणू?’

‘पाहणी झाली नि नदीकाठची जमीन धरणात गेली!’

‘नोंदणी?’

‘नोंदणी झाली नि अर्ध्या वस्तीचं रेशनचं धान्य बंद झालं!’

‘बरं, शिबिर?’ यावर शेजारची म्हातारी पचकन थुंकली. नसबंदीच्या शिबिरातून तिचा नवरा कसा परत आला ते मी चारचौघांत सांगणार नाही... अहो, ज्या शब्दांच्या जिवावर मी पेन्शन खातो, त्यातला एकही आमच्या वस्तीला चावायचा राहिला नव्हता!

शेवटी अक्काच वैतागली. ‘त्या बाईला आमचं दुखलंखुपलं विचारायचंय ना? मग विचारपूस म्हण की, मेल्या!’

विचारपूस! एवढी वर्षं नोकरी केली, एका परिपत्रकात हा शब्द नाही! उचलला कर्णा : ‘बायांनो, उद्या तुमची विचारपूस करायला गाडी येतेय होऽऽ!’

आणि सकाळी? रांग! म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, शेजारच्या वस्तीतल्यासुद्धा! ‘आमचीपण करा, आमची कधी कुणी केलीच नाही!’ एक आजोबा तर हलायलाच तयार नाहीत. म्हणे, ‘मला काय माणूस समजत नाही का?’ डॉक्टरीणबाई घामाघूम! आणि रांगेत पहिली कोण? आमची अक्का, मोळीशिवाय!

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती, वेळेत सापडली, कापून काढली. अक्का आता पूर्वीसारखीच विहिरीवर न जाता घरात बसून मला शिव्या देते. त्या ऐकून बरं वाटतं, तुम्हाला सांगतो.

पण त्या गाडीवर अजून ‘तपासणी वाहन’ असंच रंगवलंय. ते खोडून ‘विचारपूस गाडी’ करावं, असा मी रीतसर अर्ज केलाय. मसुद्यात चूक काढून दाखवा! अक्का रोज विचारते, ‘तुझ्या अर्जाची कुणी विचारपूस केली का रे?’

नाही. फक्त उत्तर आलंय : ‘आपला अर्ज तपासणीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे.’

अर्ज प्रलंबित आहे.